गुरुवारी मारलेली सासू

माझी बायको गेली तेव्हा मी सदतीस वर्षांचा होतो आणि मला वरणभात सोडून दुसरं काही रांधता येत नव्हतं. यातल्या दुसऱ्या गोष्टीचंच धारवाडातल्या आमच्या मळमड्डीला जास्त वाईट वाटलं. तेराव्याच्या पंगतीत मठ्ठा वाढता वाढता लांबच्या एका मामींनी बेळगावकडची एक मुलगी सुचवली. "घाई काही नाही," त्या म्हणाल्या, "पण मुलीच्या हाताला चव आहे." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही, आणखी मठ्ठा मागून घेतला. दुःखात माणसाला फार तहान लागते, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढं दोन वर्षं स्थळं येत राहिली आणि मी शाळेत गणित शिकवत राहिलो. संध्याकाळी करायला काही नसायचं, म्हणून वाचायला लागलो. सुभाष रोडच्या मागं एका बोळात भाड्यानं पुस्तकं देणारं एक वाचनालय होतं. आधी नवरा-बायको मिळून चालवायचे. नवरा अचानक गेला, तेव्हापासून बायको एकटी चालवत होती. तिला तेराव्याच्या पंगतीत कुणी मुलगा सुचवला नव्हता. तिच्या हाताला चव नव्हती म्हणावं तर तसंही नाही. पुढं मी भरपूर खाल्लंय, म्हणून खात्रीनं सांगतो.

तिला सगळं गाव अक्का म्हणायचं. रिक्षावाले म्हणायचे, पोस्टमन म्हणायचा, तिच्या बापाच्या वयाचे पेन्शनरसुद्धा म्हणायचे. मीही पहिल्याच दिवशी, "अक्का, नवीन काय आलंय?" असं विचारलं आणि स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. पण तेव्हा दुखलं नाही. दुखायला वर्ष लागलं.

वर्षभरानं एका गुरुवारी ती एका जुन्या कादंबरीचा कणा खळ लावून चिकटवत होती. बोलता बोलता खळीचं बोट तिनं माझ्या हातातल्या रुमालाला पुसलं आणि बोलणं पुढं चालू ठेवलं. तिच्या ते लक्षातही आलं नाही. तो रुमाल मी धुतला नाही. गणिताच्या शिक्षकाला एवढा पुरावा पुरे असतो. मला तिच्याशी लग्न करायचं होतं. साधं एका वाक्याचं काम. ते वाक्य बोलायला मी रक्तपिशाच्चाची मदत घेतली, यावरून माझ्या धैर्याची कल्पना यावी.

आता सासूबद्दल सांगायला हवं. वाचनालयाच्या मागं एक पडदा, पडद्यामागं घर आणि घरात तिची सासू. एकुलता एक मुलगा गेलेली म्हातारी. पडदा अर्धवट सरकलेला असला की ती आत भिंतीला टेकून कापसाच्या वाती वळताना दिसायची. मी सुरुवातीला दोन-तीनदा, "काय आजी, बरं आहे ना?" असं विचारलं. तिनं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा वात वळायला घेतली. म्हातारी ठार बहिरी आहे असा निष्कर्ष काढून मी तो विषय संपवला. मी दर गुरुवारी जायचो, कारण गुरुवारी माझे शेवटचे दोन तास मोकळे असायचे. इतके गुरुवार गेले, पण तिच्या तोंडून एक शब्द ऐकला नाही.

तर रक्तपिशाच्च. हुबळीला दाजीबानपेठेतल्या एका रद्दीवाल्याकडून तिनं इंग्रजी पुस्तकांचं एक पोतं आणवलं होतं. त्यातलं एक जाडजूड, काळ्या मुखपृष्ठाचं. वर पांढराफटक पुरुष आणि त्याच्या मिठीत मानेवर दोन लाल ठिपके असलेली बाई.

"सर, कॉलेजच्या पोरी हेच मागायल्यात," ती म्हणाली. "मला एवढं इंग्रजी येत नाही. वाचून सांगा की आत काय आहे ते. घाण असलं तर रॅकवर ठेवत नाही."

माझं इंग्रजी भूमितीपुरतं होतं. 'सिद्ध करा' आणि 'म्हणून' यांच्यापलीकडं माझी झेप जात नसे. पण मी, "त्यात काय, वाचतो की," म्हणालो आणि पुस्तक काखेत मारून असा निघालो, जणू विलायतेत लहानाचा मोठा झालोय.

पुढच्या गुरुवारपासून मी तिला ती गोष्ट हप्त्याहप्त्यानं सांगायला लागलो. बर्फाळ मुलुखातला एक जमीनदार. बायको मरून दीडशे वर्षं झाली, पण हा मरत नाही, कारण रक्त पितो. बायकोच्या तसबिरीचा रंग उडालाय म्हणून ती दुरुस्त करायला एक चित्रकार बाई येते. तीही विधवा.

"म्हणजे मुंजा म्हणा की," अक्का पुस्तकाला तपकिरी कागद घालत म्हणाली.

"मुंजा लग्नाआधी मेलेला असतो. हा विधुर आहे."

"मग समंध."

"समंध एका जागी बसून असतो. ह्याच्याकडं घोडागाडी आहे."

"बरं. आणि काय करतो?"

"लसूण चालत नाही त्याला."

"चातुर्मासात आम्हालाही चालत नाही. त्यात काय एवढं?"

"आरशात दिसत नाही."

"मग भांग कसा पाडतो?"

पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. असलं तरी मला समजलं नसणार. "नोकर पाडतो," मी म्हणालो. "आणि कुणी बोलावल्याशिवाय तो परक्याच्या घरात पाऊल टाकत नाही."

"मग तुमच्यापेक्षा बरा," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

खरं म्हणजे ही अट घालून धारवाडात कुठलंही रक्तपिशाच्च उपाशी मेलं नसतं. इथं दारावरून सायकलवर जाणाऱ्या माणसालाही लोक, "बर्री, या की, चहा घेऊन जावा," म्हणतात. संध्याकाळपर्यंत त्याचं पोट फुटलं असतं.

आठवड्याला माझी वीस-पंचवीस पानं व्हायची आणि त्यातली निम्मी समजायची. उरलेली निम्मी मी स्वतः रचायचो. रचता रचता जमीनदार बदलत गेला. तो उंच होता, तो माझ्याएवढा झाला. त्याला तसबिरीसमोर उसासे टाकायची सवय होती, ती गेली आणि तो संध्याकाळी दूरवर चालत फिरायला जाऊ लागला. एका गुरुवारी तर मी त्याला वरणभात खायला घातला.

"तिकडं तूरडाळ मिळते?" तिनं विचारलं.

"मागवतो."

"रक्ताचं काय झालं?"

"कमी केलंय."

ती हसली. मला वाटलं, सगळं ठरल्याप्रमाणं चाललंय. जमीनदाराच्या तोंडून मी हवं ते बोलत होतो. दीडशे वर्षांनी आपल्याला कुणाशी तरी बोलावंसं वाटतंय, असं तो म्हणाला. पहिली बायको मनातून जायला नको, तरीही दुसऱ्या बाईच्या पावलांची वाट बघावीशी वाटते, हे पाप आहे का, असंही त्यानं विचारलं. अक्का खाली मान घालून ऐकायची. त्या दिवशी एक पुस्तक तिनं उलटं शिवलं.

मग मी मोठी उडी घेतली. जमीनदार त्या बाईला म्हणतो, चल माझ्याबरोबर, डोंगरावर माझा वाडा आहे.

अक्कानं सुईत दोरा ओवला. "आणि तिची सासू?"

"कुणाची?"

"त्या बाईची. नवरा मेलाय म्हणजे सासू असणार की. ही डोंगरावर गेल्यावर तिच्याकडं कोण बघतं?"

मी पुस्तकाची पानं पुढंमागं चाळल्यासारखं केलं. "ते पुढच्या भागात आहे. पुढच्या गुरुवारी सांगतो."

आठवडाभर मी ते पुस्तक पालथं घातलं. त्यात सासू कुठंच नव्हती. असल्या गोष्टी लिहिणाऱ्यांना माणूस मरून उठतो हे सुचतं, पण मेलेल्या माणसाला आई होती हे सुचत नाही. शेवटी मी माझ्या धंद्यातला उपाय काढला. समीकरणात एखादं पद नडत असलं की आपण ते दोन्ही बाजूंनी उडवतो. विद्यार्थी खूश, शिक्षक खूश.

पुढच्या गुरुवारी मी सांगितलं, "हां, तर त्या बाईची सासू. तिला आला ताप. दोन दिवसांत म्हातारी गेली. सून बिचारी फार रडली. मग घोडागाडी आली आणि बाई डोंगरावर गेली."

अक्काची सुई थांबली. मागचा पडदा हलला, तो वाऱ्यानं हलला असं मला वाटलं.

"आज चहा नाही," ती म्हणाली. "दूध संपलंय."

मी ते खरं मानलं. दूध संपतं कधी कधी.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी सात वाजता माझ्या दारात रिक्षा थांबली. रिक्षातून अक्काची सासू उतरली, रिक्षावाल्याला, "थांब रे, पाच मिनिटं," म्हणाली आणि तडक आत येऊन खुर्चीवर बसली.

मी तिच्या कानाजवळ जाऊन ओरडलो, "आजी, पाणी देऊ?"

"ओरडू नका, मास्तर. मला ऐकू येतं."

"पण तुम्ही तर कधी…"

"गुरुवारी मौन असतं माझं. मुलगा गेल्यापासून पाळते."

मला तो जमीनदार, त्याची तसबीर, वरणभात आणि दुसऱ्या बाईच्या पावलांची वाट बघणं, सगळं एका ओळीत आठवलं. दर गुरुवारी. पडद्यापलीकडं चार हातांवर.

"एक विचारायचं होतं," म्हातारी म्हणाली. "मी कशानं मेले?"

"कोण?"

"मी. काल मेले ना. नेमकी तेव्हाच बोळातून स्कूटर गेली, नीट ऐकू आलं नाही."

"ताप," मी म्हणालो.

"किती दिवस होता?"

"दोन."

"दोनच? आमचे हे एकवीस दिवस तापात होते. मला दोन दिवसांत उरकलंत." ती जराही चिडलेली दिसत नव्हती. शाळा तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासारखी ती एकेक बाब विचारत होती. "डॉक्टर आणला?"

"गोष्टीत तेवढं सविस्तर नव्हतं."

"तोंडात पाणी कुणी घातलं? सून तर घोडागाडीत बसायच्या गडबडीत."

मी टेबलावरच्या वह्या सरळ केल्या.

"आणि दहावं? मुलगा तर आधीच गेलेला माझा. कुणी केलं?"

मी चहा केला. तिनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. माझ्या चहाचं असं बऱ्याच लोकांनी केलंय, पण त्या दिवशी ते लागलं.

उठताना ती म्हणाली, "सुनेला भाऊ नाही. तुम्ही एवढे दिवस तिला अक्का म्हणायलाय. येत्या भाऊबीजेला घरी या, ओवाळून घ्या. एकदा ओवाळलं की मग रोज आलात तरी कुणी काही बोलणार नाही."

मला वाटलं, मी हिला दोन दिवसांच्या तापानं मारलं. ही मला एका निरांजनानं मारणार. तिची पद्धत जास्त स्वच्छ होती, हे मान्य करायला हवं.

पुढच्या गुरुवारी पुस्तक घेऊन मी वाचनालयात गेलो. पडदा पूर्ण ओढलेला होता. अक्कानं पुस्तक घेतलं आणि वहीत परत आल्याची नोंद केली.

"कॉलेजच्या एका पोरीनं हे आधी वाचलंय," ती म्हणाली. "विचारलं मी तिला. त्यात सासू नाहीच म्हणे."

"नाही."

"वरणभातही नाही."

"तोही नाही."

"म्हणजे सासू तुम्हीच आणलीत आणि तुम्हीच मारलीत."

"तुम्ही विचारलंत म्हणून आणली."

"मी विचारलं ते मारायला नव्हे, सर."

ती पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळली. घरी येताना मला कळलं की तिनं मला एकच प्रश्न विचारला होता. तो प्रश्न त्या गोष्टीतल्या बाईचा नव्हता, आणि मी तो गणितासारखा सोडवून मोकळा झालो होतो.

भाऊबीज तीन आठवड्यांवर होती. गावाला जायचं, आजारी पडायचं, पाय मोडून घ्यायचा, असे सगळे पर्याय मी तपासून पाहिले. शेवटी कॅलेंडर पाहिलं. त्या वर्षी भाऊबीज गुरुवारी आली होती. मला बोलवायच्या भरात म्हातारीनं पंचांग उघडलेलं नव्हतं. तिला त्या दिवशी बोलता येणार नव्हतं. मला मात्र बोलता येणार होतं, आणि ही काही मला सोयीची गोष्ट नव्हती.

हातात काय न्यावं हा पेच होता. रिकाम्या हातानं जाणं बरं दिसत नाही, आणि ओवाळणी नेली म्हणजे स्वतःच स्वतःची तिरडी बांधली. पेढे घेतले. ते भावाकडूनही चालतात आणि इतरांकडूनही.

वाचनालय बंद होतं. पडदा पहिल्यांदाच पूर्ण बाजूला सारलेला. आत पाट मांडलेला, भोवती रांगोळी, ताटात निरांजन, सुपारी, अक्षता. भिंतीवर अक्काच्या नवऱ्याचा फोटो आणि त्याखाली सासू, ओठ घट्ट मिटून. तिनं मला बोटानं पाट दाखवला.

"बसा, सर," अक्का ताट उचलत म्हणाली.

"मी बसत नाही."

"गुडघा दुखायलाय काय?"

"नाही. गोष्टीत एक चूक झाली होती, ती आधी दुरुस्त करतो." आणि मी उभ्या उभ्या सुरू झालो. ती सासू मुळात मेलेलीच नव्हती. त्या मुलुखात मेलेलं कुणी मेलेलं राहत नाही. तिसऱ्या दिवशी ती उठली, घोडागाडीमागं चालत डोंगरावर पोचली आणि वाड्यात शिरताच जमीनदाराला म्हणाली, आधी भांग नीट पाड. तेव्हापासून तिघं तिथंच राहतात. ती रक्ताला मीठ कमी पडलंय अशी रोज तक्रार करते.

सासूच्या ओठांचा कोपरा हलल्यासारखा वाटला. मी आणखी रंगात आलो.

"सर," अक्का म्हणाली, "गोष्ट पुरे. तुमचं काय ते सांगा."

इतके महिने ज्याच्या आडून बोलत होतो, तो जमीनदार मला सोडून डोंगरावर निघून गेला. फळ्यासमोर उत्तर न येणारी मुलं कशी उभी राहतात ते मी रोज बघत होतो. आता आतून कसं वाटतं ते कळलं.

"मला तुमच्याकडून ओवाळून घ्यायचं नाही," मी म्हणालो. "मला तुमच्याशी लग्न करायचंय. बायकोला मी विसरलेलो नाही. तिचा चष्मा अजून खिडकीत आहे, तो कुठं ठेवायचा ते कळत नाही."

निरांजनाचं ताट तिच्या हातात तसंच होतं. "मीही ह्यांना विसरलेली नाही. रोज फोटोला फूल घालते. पुढंही घालणार."

"मी आणून देत जाईन."

"आणि सासूबाई जिथं, तिथं मी."

"मग मी तिथं येतो."

"लोक काय म्हणतील? सासूबाईंचे कोण म्हणून राहणार तुम्ही इथं?"

"ते मला माहीत नाही. पण येतो."

आम्ही दोघांनी सासूकडं पाहिलं. मौनव्रताचा मला इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता. ती बराच वेळ वर मान करून मुलाच्या फोटोकडं बघत बसली. बाहेर कुणाच्या तरी घरी लवंगी फटाक्यांची माळ वाजून संपली. मग गुडघ्यावर हात टेकून ती उठली. तिनं पाट उचलून भिंतीला उभा केला, ओल्या फडक्यानं रांगोळी पुसली आणि सुनेच्या हातातलं ताट काढून देवापुढं नेऊन ठेवलं. आणि जेवायची तीन ताटं एका रांगेत मांडली.

मी भात तीनदा घेतला.

लग्न आम्ही रजिस्टर केलं. दिवस शुक्रवारचा घेतला. सासूची तशी अट होती. मळमड्डीतल्या मामी आल्या नाहीत, बेळगावचं स्थळ सोडल्याचं त्यांना आमटी बिघडल्याइतकं वाईट वाटलं होतं. तीन साक्षीदार लागत होते. दोन शाळेतले मित्र झाले आणि तिसरी सासू. कचेरीतला कारकून एकेकाचं नाव आणि नातं विचारून लिहीत होता. तिच्यापाशी येऊन तो अडला.

"ह्या कोण?"

"सासू," अक्का म्हणाली.

"म्हणजे वराची आई."

"नाही," मी म्हणालो.

"मग वधूची आई?"

"नाही."

त्यानं चष्मा काढला. "लग्न अजून व्हायचंय. सासू आधीच कुठून आली?"

"माझा मुलगा गेला," म्हातारी म्हणाली. "ही राहिली." आणि त्याला नीट कळावं म्हणून कन्नडमध्ये वळली, "बरीरी साहेब, अत्ती अंतनं बरीरी." लिहा साहेब, सासू असंच लिहा.

कारकुनानं क्षणभर आमच्या तिघांकडं पाहिलं, चष्मा घातला आणि लिहिलं. तिनं पदराला हात पुसले, पेन घेतलं आणि एकेक अक्षर सुटं काढत कन्नडमध्ये सही केली. मग कागद माझ्याकडं सरकवला.

"मास्तर, आता तुम्ही करा," ती म्हणाली. "नीट वाचून करा."